बाग, होमस्टे, पेन्शन आणि मुंबईची खोली : कोकणातल्या रहिवाशांसाठी प्राप्तिकर रिटर्नचा क्रम

‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, आणि आंब्याला तर नाहीच नाही.’ मार्चअखेर आली की हे वाक्य एसटीत, पतपेढीत, फवारणीच्या पंपाशेजारी, सगळीकडे ऐकू येतं. दोन्ही तुकडे वेगवेगळे घेतले तर बरोबर आहेत. पण पेन्शन आणि बाग एकाच माणसाच्या नावावर असली की हिशेब बदलतो, आणि रिटर्न तिथेच चुकतं. आकडेमोड बहुतेकांची ठीक असते. उत्पन्न भलत्याच रकान्यात बसवलेलं असतं, नाहीतर फॉर्मच चुकीचा निवडलेला असतो. म्हणून दराचा तक्ता मी मुद्दाम चौथ्या टप्प्यावर ठेवला आहे. त्याआधीचे तीन टप्पे गाळू नका.

खालची माहिती १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षातल्या उत्पन्नासाठी आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला असला, तरी या वर्षाचं रिटर्न १९६१ च्या जुन्या कायद्याप्रमाणेच भरायचं. कलमांचे क्रमांक त्यामुळे जुनेच दिले आहेत.

आणखी एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकू. प्राप्तिकराचा दर अलिबागला एक आणि वेंगुर्ल्याला दुसरा असा नसतो, तो देशभर एकच असतो. ग्रामपंचायतीची घरपट्टी, शेतसारा आणि राज्याचा व्यवसाय कर (वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये) ही वेगळी खाती आहेत. ती भरली म्हणून प्राप्तिकर चुकत नाही.

टप्पा १ : आधी दिवस मोजा

वर्षभर गावातच असाल तर हा टप्पा सोडून पुढे जा. घरात कुणी बोटीवर किंवा आखातात असेल तर मात्र इथे थांबा.

नोकरीसाठी किंवा जहाजावर बाहेर गेलेला भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात असेल, तर तो निवासी. त्याहून कमी दिवस असतील तर सर्वसाधारणपणे अनिवासी. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर सुट्टीवर आलेल्या माणसासाठी मर्यादा १२० दिवसांपर्यंत खाली येते आणि आधीच्या चार वर्षांतले दिवसही मोजले जातात. अशा वेळी अंदाजाने ठरवू नका. पासपोर्टवरचे शिक्के आणि सीडीसीतल्या (खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या) साइन-ऑन, साइन-ऑफच्या नोंदी घेऊन एका कागदावर दिवस मांडा.

यावर दोन गोष्टी ठरतात. निवासी माणसाला सर्वसाधारणपणे जगभरातलं उत्पन्न आणि परदेशातलं बँक खातं दाखवावं लागतं. दुसरं, कलम ८७-ए ची सूट, म्हणजे ते प्रसिद्ध ‘बारा लाख’, फक्त निवासी व्यक्तीला आहे. अनिवासी खलाशाच्या नावावर रत्नागिरीत दोन गाळे भाड्याने असतील, तर चार लाखांच्या वरच्या प्रत्येक रुपयावर कर लागतो.

सावधान : कॉन्ट्रॅक्ट लांबलं आणि मुलगा सात महिने घरीच बसला, तर ‘तो तर एनआरआय आहे’ हे त्या वर्षापुरतं खोटं ठरतं. दर वर्षी नव्याने मोजा.

टप्पा २ : कागद एका जागी आणा

रिटर्न भरायला बसण्यापूर्वी एवढं हाताशी हवं :

- पॅन आधारशी जोडलेलं आहे याची खात्री. नसेल तर टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा कर) चढ्या दराने कापला जातो आणि परतावा अडकतो.
- फॉर्म १६ किंवा बँकेकडून पेन्शनचा दाखला.
- प्राप्तिकर पोर्टलवरून उतरवलेले एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांचा गोषवारा) आणि २६-एएस (कापलेल्या कराचा उतारा).
- सगळी पासबुकं. सगळी म्हणजे गावच्या पतपेढीचं आणि आईबरोबरच्या जॉइंट खात्याचंसुद्धा.
- बागेच्या पट्ट्या आणि खर्चाची वही.
- सातबारा उतारा, आणि ई-पीक पाहणीची नोंद केली असल्यास ती.

यातलं पट्ट्यांचं काम सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात दुर्लक्षित. वाशीहून दलालाची पट्टी येते तिच्यात आधी विक्रीची रक्कम असते, मग दलाली, हमाली, वाहतूक वजा होते आणि खाली तुमच्या हातात पडणारा आकडा असतो. बहुतेक बागायतदार तो खालचा आकडा उत्पन्न म्हणून लिहितात आणि वर पुन्हा पेट्यांचा, गाडीभाड्याचा खर्च दाखवतात. मग एकच खर्च दोनदा वजा होतो. वहीत वरची रक्कम जमा धरा आणि पट्टीतली कपात खर्चात लिहा. त्याखाली खत, कल्टार, फवारणी, राखणदार, नेपाळी कामगारांची मजुरी, काढणी, पेट्या आणि गवत असं तारखेनिशी येऊ दे.

पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पाठवलेल्या पेट्यांचे पैसे यूपीआयने येतात. त्यांची पट्टी नसते, म्हणून ती नोंद स्वतः ठेवावी लागते. रोखीने विकलेला माल बँकेत भरताना तर जास्तच. बचत खात्यात वर्षभरात दहा लाख किंवा अधिक रोख भरली की बँक ती माहिती विभागाला कळवते. ‘आंब्याचे आहेत’ एवढं उत्तर पुरत नाही. किती कलमं, किती पेट्या, कुणाला, हे सांगता आलं पाहिजे.

तपासा : सातबारा सामाईक आहे का? चार भावांच्या नावावरची बाग एकटा भाऊ सांभाळतो आणि सगळी पट्टी त्याच्या खात्यात येते, हे आपल्याकडे घरोघरी. उत्पन्न कुणाचं आणि कुणाचा वाटा किती, हे साध्या कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. चाकरमानी भावाला आपल्या रिटर्नमध्ये आपला वाटा दाखवायचा असतो, हे त्याला मे महिन्यात आला की सांगून टाका.

टप्पा ३ : प्रत्येक रुपया योग्य रकान्यात टाका

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, तेव्हा सावकाश वाचा.

शेतीचं उत्पन्न. स्वतः पिकवलेले आंबे, काजू बी, नारळ, सुपारी, भात यांची विक्री. आढीत घालून पिकवणं, प्रतवारी, पेटी भरणं यामुळे ते शेतीबाहेर जात नाही, कारण माल बाजारात नेण्यायोग्य करायला शेतकरी एरवीही तेवढं करतोच. रोपवाटिकेतल्या कलमांची विक्रीही कायद्याने शेती उत्पन्नच. बाग कराराने दिली असेल तर मालकाला मिळणारा खंड शेतीत येतो. करार घेणारा स्वतः खत-फवारणी-राखण करत असेल तर त्याचंही शेती उत्पन्न. झाडावरचा तयार माल नुसता विकत घेऊन उतरवणाऱ्याचा मात्र तो व्यापार.

शेती वाटतं पण नाही. मासेमारी, कोळंबी संवर्धन, कोंबड्या, दुधाचा धंदा. सरकारी योजनांमध्ये यांना शेतीसारखी वागणूक मिळते म्हणून लोक फसतात. प्राप्तिकरात हा धंदा. आपोआप वाढलेला ऐन-किंजळ तोडून ठेकेदाराला विकला तर तीही शेती धरत नाहीत, कारण ती झाडं कुणी लावलेली नसतात.

अर्धं इकडे, अर्धं तिकडे. स्वतःच्या आंब्याचा पल्प, आंबापोळी, कोकम सरबत, काजूगर. इथे कच्च्या मालाचा बाजारभाव शेतीत धरायचा आणि त्यावरचा नफा धंद्यात. समजा पल्पसाठी वापरलेले आंबे बाजारात ३ लाखांना गेले असते. प्रक्रियेचा खर्च १ लाख आणि पल्पची विक्री ५ लाख. तर ३ लाख शेतीच्या जमेत आणि १ लाख धंद्याचा नफा. विकत घेतलेल्या आंब्याचा पल्प असेल तर सगळाच धंदा.

होमस्टे. पाहुण्यांना खोली, चहा-नाश्ता, माशाचं जेवण देता तो धंदा. कलम ४४-एडी खाली हिशेबाच्या वह्या न ठेवता रोख जमेच्या ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या जमेच्या ६ टक्के नफा दाखवता येतो. उलाढाल २ कोटींपर्यंत, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत. हे टक्के किमान आहेत, खरा नफा जास्त झाला असेल तर तो दाखवायचा. बुकिंग साइटने कमिशन कापून पैसे पाठवले तरी उलाढाल म्हणून पाहुण्याने दिलेली पूर्ण रक्कम धरा. तेच मच्छीमार बोटीचं : लिलावाची पूर्ण रक्कम जमेत, खलाशांचा वाटा आणि डिझेल वजा करून उरलेली नव्हे.

पिग्मी एजंट, विमा एजंट आणि आंब्याचे अडत्ये यांना ४४-एडी चालत नाही. कमिशनचं उत्पन्न त्यातून वगळलेलं आहे. पतपेढीने कापलेला टीडीएस परत मिळवण्याच्या घाईत दर वर्षी कितीतरी पिग्मी एजंट आयटीआर-४ (४४-एडी वाल्यांचा रिटर्न फॉर्म) भरून मोकळे होतात, आणि मग दुरुस्तीची सूचना येते. मालवाहू टेम्पो असेल तर वेगळं कलम, ४४-एई : लहान गाडीला दरमहा ७,५०० रुपये नफा धरायचा.

मुंबईची खोली. भाड्याने दिलेल्या खोलीच्या वर्षाच्या भाड्यातून तुम्ही भरलेला महापालिकेचा कर वजा करा आणि उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट घ्या. रंगरंगोटीची बिलं जोडायची गरज नाही, ती वेगळी मिळतही नाहीत.

पेन्शन. स्वतःची पेन्शन म्हणजे पगार, नव्या पद्धतीत ७५,००० आणि जुन्या पद्धतीत ५०,००० वजावट (या दोन पद्धती टप्पा ४ मध्ये येतील). नवऱ्याच्या मागे मिळणारी कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम पगार नव्हे, ती ‘इतर उत्पन्न’. तिथे एक तृतीयांश किंवा २५,००० (जुन्या पद्धतीत १५,०००) यांपैकी कमी असेल तेवढीच वजावट. आईचं रिटर्न भरताना सवयीने ७५,००० टाकू नका.

व्याज. बँकेचं, पोस्टाचं, पतपेढीचं. एआयएसमध्ये दिसलं नाही म्हणून व्याज करमुक्त होत नाही. १५-एच भरून दिला म्हणजे टीडीएस कापला जात नाही एवढंच, व्याज रिटर्नमध्ये दाखवायचंच.

मुलाने मुंबईहून घरखर्चाला पाठवलेले पैसे तुमचं उत्पन्न धरलं जात नाही.

जाता जाता : बांदा-सावंतवाडीकडच्या मंडळींना पेडण्याचे सोयरे सांगतात की आम्ही नवरा-बायको उत्पन्न निम्मं निम्मं दाखवतो. ते खरं आहे, पण ती सोय गोव्यातल्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे कलम ५-ए खाली आहे, आणि त्यातही पगार वाटता येत नाही. तेरेखोलच्या अलीकडे ती लागू नाही.

टप्पा ४ : आता दर बघा

नवी पद्धत, आपोआप लागू होणारी :

- ४ लाखांपर्यंत : शून्य
- ४ ते ८ लाख : ५ टक्के
- ८ ते १२ लाख : १० टक्के
- १२ ते १६ लाख : १५ टक्के
- १६ ते २० लाख : २० टक्के
- २० ते २४ लाख : २५ टक्के
- २४ लाखांच्या वर : ३० टक्के

जुनी पद्धत : २.५ लाखांपर्यंत शून्य (साठीनंतर ३ लाख, ऐंशीनंतर ५ लाख), पुढे ५ लाखांपर्यंत ५ टक्के, १० लाखांपर्यंत २० टक्के, त्यावर ३० टक्के. दोन्हींत करावर ४ टक्के उपकर.

‘बारा लाख माफ’ म्हणजे करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतचा कर माफ. कराची पायरी ४ लाखांवरच सुरू होते. हा फरक पुढच्या टप्प्यात पैशांत दिसेल. उत्पन्न १२ लाखांपेक्षा जरासं वर गेलं तर घाबरू नका, १२,१०,००० वर कर ६१,५०० नाही, वरच्या १०,००० एवढाच लागतो.

विमा, पीपीएफ, गृहकर्ज, मेडिक्लेम यांच्या मोठ्या वजावटी असतील तरच जुन्या पद्धतीचा हिशेब मांडून बघा. बहुतेक पेन्शनरांना नवीच परवडते. जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं, उशीर झाला की तो पर्याय गेला. धंद्याचं उत्पन्न असलेल्यांना त्यासाठी फॉर्म १०-आयईए आधी भरावा लागतो आणि त्यांना दर वर्षी उड्या मारता येत नाहीत.

टप्पा ५ : बाग आणि पेन्शन एकत्र असेल तर

शेतीवर कर नाही, पण बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना शेती मोजली जाते. दोन्ही अटी पूर्ण झाल्या तरच : निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर, आणि शेती सोडून बाकीचं उत्पन्न मूळ मर्यादेच्या (नव्या पद्धतीत ४ लाख) वर. क्रम असा :

१. दोन्ही उत्पन्नांची बेरीज करून त्यावर कर काढा.
२. शेती उत्पन्न अधिक ४ लाख, यावर कर काढा.
३. पहिल्यातून दुसरा वजा करा.
४. मग ८७-ए ची सूट, शेवटी उपकर.

मुंबईहून निवृत्त होऊन गावी परतलेल्या एका शिक्षिका घ्या. वजावटीनंतर पेन्शन ७ लाख, बागेचे निव्वळ ३ लाख. १० लाखांवर कर ४०,०००. ३ अधिक ४ म्हणजे ७ लाखांवर १५,०००. फरक २५,०००, तो सुटीत पूर्ण जातो. भरायचं शून्य.

आता मोठा बागायतदार. वजावटीनंतर पेन्शन ९ लाख, बागेचे निव्वळ १० लाख. १९ लाखांवर कर १,८०,०००. १४ लाखांवर ९०,०००. फरक ९०,०००. सूट फक्त ६०,००० ची. उरले ३०,०००, उपकर १,२००. भरायचे ३१,२०० रुपये. पेन्शन बारा लाखांच्या कितीतरी आत असूनही.

सावधान : हे टाळायला बागेचं उत्पन्न न दाखवण्याचा सल्ला वाडीत कुणीतरी देतंच. पट्टीचे पैसे बँकेत आलेले असतात. रिटर्नमध्ये शेती शून्य असेल तर तीच जमा उद्या ‘अज्ञात उत्पन्न’ म्हणून विचारली जाते आणि त्यावरचा दर बराच चढा आहे. उलट चूकही होते : होमस्टेचा पैसा बागेत ढकलायचा. दोन एकरांत वीस लाखांचा आंबा दाखवला तर प्रश्न येणारच.

टप्पा ६ : जमीन विकली असेल तर

पहिला प्रश्न : ती ग्रामीण शेतजमीन होती का? असेल तर भांडवली नफा लागत नाही. नगरपालिका हद्दीच्या बाहेर, आणि त्या नगरपालिकेची लोकसंख्या १०,००० ते १ लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटरच्या पलीकडे, १ ते १० लाख असेल तर ६, त्याहून मोठ्या शहरापासून ८ किलोमीटरच्या पलीकडे. रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडी २ किलोमीटरच्या गटात येतात. अंतर सरळ रेषेत मोजतात. खाडीला वळसा घालून रस्ता आठ किलोमीटर असला आणि होडीने खाडी ओलांडली की दीड, तर कायद्याला दीडच दिसतं.

दुसरा प्रश्न : शेती खरंच होत होती का? बिनशेती केलेला प्लॉट शेतजमीन राहत नाही. वरकस कातळ असेल तर पीकपाहणीच्या नोंदी काढून ठेवा.

कर लागत असेल तर : २४ महिन्यांहून जास्त काळ मालकी असल्यास १२.५ टक्के. जमीन २३ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय आहे, दोन्ही मांडून कमी तो घ्या. वडिलोपार्जित जमिनीला वडिलांची किंमत आणि काळ धरतात. २००१ पूर्वीची असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्य घेता येतं. या नफ्यावरच्या कराला नव्या पद्धतीत ८७-ए ची सूट नाही. हा कर वाचवण्यासाठी घर किंवा शेती घेण्याची किंवा रोख्यांत गुंतवण्याची मुदत विक्रीच्या तारखेपासून धावते, म्हणून सल्लागाराकडे खरेदीखताआधी जा.

सावधान : जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा अधिक रोख घेऊ नका. घेतली तेवढाच दंड होऊ शकतो.

टप्पा ७ : फॉर्म निवडा

पेन्शन, व्याज, साधं घरभाडं आणि शेती ५,००० पर्यंत : आयटीआर-१. शेती ५,००० च्या वर गेली की आयटीआर-२. होमस्टे किंवा बोट ४४-एडी खाली आणि शेती ५,००० पर्यंत : आयटीआर-४. होमस्टेही आहे आणि बागही : आयटीआर-३. कोकणात सगळ्यात जास्त चुकणारं हे एकच वाक्य आहे, वहीवर लिहून ठेवा. जमीन विकून करपात्र नफा झाला तर धंदा नसलेल्याला आयटीआर-२, धंदा असलेल्याला ३.

निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर फॉर्ममध्ये जिल्हा, पिनकोड, एकर, मालकीची की खंडाची, बागायत की पावसावरची हे भरावं लागतं. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. आकडा तसाच उतरवू नका.

टप्पा ८ : भरा आणि पडताळा

फॉर्म कोणताही असो, ३१ जुलै २०२६ ही तारीख धरून चला. उशीर झाला तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण ५,००० रुपये शुल्क (उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००) आणि थकीत करावर दरमहा एक टक्का व्याज. वर्षाचा कर टीडीएस जाऊन १०,००० किंवा अधिक असेल तर आगाऊ कर लागतो. ४४-एडी वाल्यांना तो १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा, आणि धंदा नसलेल्या साठीपुढच्यांना तो नाहीच.

‘सबमिट’ झालं म्हणजे काम संपलं असं समजून बरेच जण उठतात. ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलं नाही तर ते रिटर्न भरलेलं धरत नाहीत. आधारचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो वडिलांचा फोन गावी आणि तुम्ही फॉर्म भरताय ठाण्यात, अशी गत असेल तर आधी फोन करून ठेवा. रेंज नसेल तर त्यांना सड्यावर जाऊन उभं राहायला सांगा, ओटीपीची मुदत थोडीच असते. पोचपावती, पट्ट्या आणि खर्चाची वही प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी आलेली पट्टी पुढच्या वर्षी वाचता येत नाही.